कोरे मडके चुलीवर चढते तेव्हा

माठातले पाणी गार का होते, हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी वर्गात कधी ना कधी विचारलेला असतो. उत्तरही ठरलेले असते. मातीच्या भांड्याला बारीक छिद्रे असतात, त्यांतून पाणी पाझरते, बाहेरच्या अंगाला त्याची वाफ होते, वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते आणि पाणी गार होते. मुले हे पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि त्याचे गुणही मिळवतात.

आमचे एक स्नेही काही वर्षांपूर्वी जपानहून परतले तेव्हा त्यांनी सोबत मातीचे एक भांडे आणले होते. जाड बुडाचे, दोन कान असलेले, वर घुमटासारखे झाकण. जपानी भाषेत त्याला ‘दोनाबे’ म्हणतात. ‘दो’ म्हणजे माती आणि ‘नाबे’ म्हणजे शिजवायचे भांडे. भांड्याबरोबर एक छापील कागद होता. त्यातली पहिली सूचना अशी, की भांडे नवे असताना त्यात दुसरे काहीही शिजवू नये. आधी भाताची पातळ पेज मंद आचेवर बराच वेळ शिजवावी, ती भांड्यातच निवू द्यावी, मग काढून टाकून भांडे धुवावे आणि पूर्ण वाळवावे. या विधीला ‘मेदोमे’ असे नाव आहे. ‘मे’ म्हणजे डोळा आणि ‘तोमे’ म्हणजे थांबवणे, बुजवणे. मातीची छिद्रे म्हणजे भांड्याचे डोळे, ते बुजवायचे.

कागद वाचून दाखवल्यावर स्नेह्यांनी आम्हाला विचारले, ‘‘माठ पाझरतो म्हणून पाणी गार होते, हे तुम्हीच शिकवता. मग त्याच मातीच्या, त्याच आव्यात भाजलेल्या मडक्यात आमटी उकळते कशी?’’

प्रश्न चांगला होता. खरे म्हणजे त्याचे अर्धे उत्तर आम्ही लहानपणीच पाहिले होते. आमची आजी प्रवरेकाठची, संगमनेरच्या खालच्या अंगाच्या एका गावची. बाजारातून नवे मडके आले की ती ते रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची. दुसऱ्या दिवशी त्यात ज्वारीच्या कण्या पातळ करून शिजवायची, आणि त्या कण्या घरात कोणी खायच्या नाहीत, गुरांपुढे जायच्या. मग मडके उन्हात. हुलग्याचे माडगे त्यात शिजायचे ते त्यानंतर. असे का करायचे, असे विचारले तर ‘‘कोरं मडकं पितं’’ एवढेच उत्तर मिळे. पदार्थविज्ञान शिकून झाल्यावर आम्हाला कळले, की ते उत्तर अगदी नेमके होते.

मडके किती ‘पिते’?

थोडे गणित करू. मडक्यात दोन लिटर पाणी आहे आणि ते २५ अंशांपासून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे आहे. त्यासाठी सुमारे ६३० किलोज्यूल उष्णता लागेल. आता समजा, हे मडके कोरे आहे आणि तापत असताना त्याच्या अंगातून १०० ग्रॅम पाणी पाझरून बाहेरच्या बाजूला त्याची वाफ झाली. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २.२६ किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे १०० ग्रॅमला २२६ किलोज्यूल. पाणी तापवायला लागणाऱ्या उष्णतेच्या एकतृतीयांशाहून जास्त उष्णता नुसती पाझरात गेली! आच मंद असेल आणि पाझर मोठा असेल, तर पाणी एका ठरावीक तापमानाला जाऊन तिथेच रेंगाळते. माठ ज्या कारणाने पाणी गार करतो, त्याच कारणाने कोरे मडके पाणी उकळू देत नाही.

हे कोणी प्रत्यक्ष करून पाहिले आहे का? पाहिले आहे. अमेरिकेतील पुरातत्त्वज्ञ मायकेल शिफर यांनी कमी तापमानाला भाजलेली सारखी भांडी घेऊन त्यांच्या पृष्ठभागावर निरनिराळे लेप दिले आणि पाणी तापवून पाहिले. १९९० साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्या भिंतींतून पाणी सहज झिरपत होते, ती भांडी पाणी उकळण्याच्या कामात फार मागे पडली. ज्यांचा आतला पृष्ठभाग बुजवला होता, ती पुढे गेली. फिलिपीन्समधील कलिंगा जमातीच्या कुंभारणी भांडे आव्यातून काढल्यावर ते गरम असतानाच त्यावर झाडाची राळ फिरवतात, तेही याचसाठी.

म्हणजे आपल्या गावचा कुंभार एकाच मातीतून दोन परस्परविरोधी वस्तू बनवतो. माठ पाझरला पाहिजे. त्याची छिद्रे क्षारांनी बुजली, बाहेरून पांढरा थर आला, की माठ ‘मेला’ म्हणतात, पाणी गार होत नाही. शिजवायचे मडके मात्र पाझरता कामा नये. यातला फरक काही अंशी कुंभार करतो, पण शेवटचा टप्पा त्याच्या हातात नसतो. तो चुलीपाशी होतो. भांडे घडवण्याच्या क्रियेतील ही शेवटची पायरी ज्यांच्या हातून होत आली, त्यांची नावे तर सोडाच, त्या पायरीची नोंदही आपल्या इतिहासात फारशी नाही. हा लेख त्या पायरीविषयी आहे.

प्रवरेच्या काठावर

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, मडक्यांच्या इतिहासात फार महत्त्वाचा आहे, हे जिल्ह्यातल्या मुलांनाही सहसा माहीत नसते. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे नावाचे गाव आहे. डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ साली नाशिकबरोबर इथेही उत्खनन केले आणि तांबूस रंगाची, वर काळ्या रंगात भौमितिक नक्षी काढलेली, चाकावर घडवलेली, टिचकी मारली तर धातूसारखी वाजणारी भांडी उजेडात आली. याच धर्तीची भांडी पुढे तापीपासून भीमेच्या खोऱ्यापर्यंत अनेक ठिकाणी सापडली आणि त्या सगळ्या संस्कृतीला ‘जोर्वे संस्कृती’ असे नाव पडले. काळ साधारण इ. स. पू. १४०० पासून पुढचा.

त्याच नदीवर खाली नेवासे आहे. नेवासे म्हटले की आपल्याला ज्ञानेश्वरी आठवते, पण १९५४ ते ५६ या काळातल्या उत्खननात त्याच गावच्या मातीतून अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतचे थर मिळाले. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद १९५८ साली बोपर्डीकरांनी शोधले. तिथे पुढे दोन दशकांत तीनदा उत्खनने झाली. शेवटचे आणि सर्वांत मोठे एस. ए. साळी यांनी केले. सावळदा, उत्तर-हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच संस्कृतींचे थर तिथे एकावर एक मिळाले. इ. स. पू. २२०० च्या आसपासपासून इ. स. पू. १००० पर्यंत, म्हणजे बाराशे वर्षे तिथे माणसे राहत होती आणि रोज काहीतरी शिजवत होती. दायमाबाद म्हटले की सगळ्यांना १९७४ साली सापडलेली ब्राँझची चार शिल्पे, रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, आठवतात. ती आहेतच अपूर्व. पण उत्खननात टोपल्यांनी निघते ते खापर.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ज्या भांड्यांवरून संस्कृतीला नाव मिळाले ती नक्षीदार तांबडी भांडी, म्हणजे कोन असलेले वाडगे आणि लांब तोटीचे चंबू, ही मुख्यतः वाढायची आणि प्यायची. त्यांच्याच जोडीला जाड, खरबरीत, हाताने घडवलेली, राखाडी किंवा मळकट तांबडी भांडी मोठ्या संख्येने मिळतात. त्यांवर नक्षी नसते. पुस्तकात त्यांचे छायाचित्र सहसा येत नाही, आले तर शेवटच्या पानावर येते. घराचा संसार मात्र याच भांड्यांवर चालत होता. धान्य साठवायला ती, शिजवायला ती. तान्हे मूल दगावले तर अशाच राखाडी मातीची दोन भांडी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवायचे आणि ती घराच्या जमिनीखालीच पुरायची. नेवासे, दायमाबाद, तसेच पुणे जिल्ह्यातील घोडनदीकाठचे इनामगाव, सगळीकडे ही दफने मिळाली आहेत.

शिजत काय होते, याचे उत्तर जळालेल्या दाण्यांतून मिळते. इनामगावला १९६८ ते १९८३ अशी प्रदीर्घ उत्खनने झाली. तिथे जव हे मुख्य धान्य होते, जोडीला गहू, मसूर, वाटाणा आणि कुळीथ. कुळीथ म्हणजे आपला नगरी हुलगा. आमच्या आजीचे माडगे निदान तीन हजार वर्षांचे जुने निघाले, हे समजल्यावर आम्हाला फार बरे वाटले होते!

त्या काळच्या बायका नवे मडके मुद्दाम मुरवत होत्या, असा लेखी पुरावा मिळणे शक्यच नाही. पण निसर्गनियम त्यांच्यासाठी वेगळे नव्हते. कोरे मडके तेव्हाही पाणी पीत असणार आणि जवाची पातळ पेज शिजवली की ते कमी पिते, हे तेव्हाही दिसत असणार. मडक्यात पेज शिजवणाऱ्या कोणालाही हा शोध दोन-चार दिवसांत लागतोच.

माती, आग आणि भेग

आता भांड्याच्या अंगात काय घडते ते पाहू.

दख्खनच्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आक्रसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा याच्याच. नुसत्या अशा मातीचे भांडे वाळतानाच तडकेल. म्हणून कुंभार नदीचा किंवा तळ्याचा गाळ निवडतो, त्यात राख, लीद किंवा बारीक वाळू मिसळतो. लीद आव्यात जळून जाते आणि तिच्या जागी पोकळ्या राहतात. वाळूचे कण मातीबरोबर आक्रसत नाहीत. चाकावरून उतरलेले भांडे तसे जाडच असते. आतून दगडी गुंडा धरून बाहेरून थापटण्याने ठोकत ठोकत कुंभार त्याची भिंत पातळ करतो आणि बूड गोल करतो. गोरोबाकाकांच्या कथेत संतांची डोकी ज्याने ठोकून पाहिली, ते हेच थापटणे. कच्चे आणि पक्के आवाजावरून ओळखता येते, या कुंभाराच्या नेहमीच्या अनुभवावरच ती कथा उभी आहे.

आव्यात तापमान साधारण ६०० ते ९०० अंशांपर्यंत जाते. ५०० अंशांच्या आसपास मातीच्या स्फटिकांत रासायनिक रीत्या बांधलेले पाणी निघून जाते आणि माती पुन्हा कधीच चिखल होत नाही. हवा भरपूर मिळाली तर लोह पूर्ण ऑक्सिडीकृत होऊन भांडे लाल होते. आवा झाकून धूर कोंडला तर क्षपण होऊन भांडे राखाडी-काळे होते. दायमाबादच्या मडक्यापासून आजच्या बाजारातल्या काळ्या मडक्यापर्यंत ही युक्ती तीच आहे.

मात्र एवढ्या तापमानाला मातीचे कण वितळून एकजीव होत नाहीत. ते एकमेकांना टेकतात, चिकटतात, मधे जागा राहते. तापमान १२०० अंशांपुढे नेले तर ही जागा भरते आणि चिनी मातीसारखे घट्ट भांडे मिळते. मग तसेच का करू नये? चिनी मातीचा कप गॅसवर ठेवून पाहणाऱ्याला उत्तर लगेच मिळेल. बाहेरचा थर तापून प्रसरण पावतो, आतला अजून गार असतो, त्या ओढाताणीत भेग पडते आणि घट्ट पदार्थात भेग एकदा सुटली की आरपार जाते. मातीचा पदार्थ दाब भरपूर सोसतो, ताण सोसत नाही. सच्छिद्र मडक्यातही भेगा पडतात, पण त्या बारीक असतात आणि पुढच्या पोकळीत किंवा वाळूच्या कणापाशी जाऊन थांबतात. गोल बुडाला कोपरा नसतो, त्यामुळे ताण एका जागी साचत नाही. म्हणजे ज्या छिद्रांमुळे मडके पाझरते, त्याच छिद्रांमुळे ते आगीवर टिकते!

जपानी दोनाबेचेही हेच आहे. इगा भागातील नामांकित माती बिवा सरोवराच्या लाखो वर्षांपूर्वीच्या तळाची आहे. तिच्यात वनस्पतींचे अवशेष मिसळलेले असतात. ते भट्टीत जळाले की भांडे छिद्राछिद्रांचे होते. योक्काइची या शहरातील कारखान्यांनी विसाव्या शतकात दुसरी वाट काढली. त्यांनी मातीत पेटलाइट हे लिथियमचे खनिज मिसळले. त्याचे प्रसरण अतिशय कमी, म्हणून ताणच कमी. पण इगाच्या जुन्या पद्धतीच्या भांड्याला पेज लागतेच.

पेज नेमके काय करते

छिद्रे तर हवीत, पण पाझर नको, अशी ही पेचाची स्थिती आहे. पेज ती सोडवते.

तांदळातील स्टार्चचे कण तृणधान्यांत सर्वांत बारीक गणले जातात. बहुतेक दहा मायक्रोमीटरच्या आतले. पाणी ६५ ते ७५ अंशांच्या पुढे गेले की हे कण पाणी शोषून फुगतात, फुटतात आणि त्यांतले लांब रेणू बाहेर येतात. हे खळीसारखे द्रव्य, पाझरणाऱ्या पाण्याबरोबरच, भिंतीत ओढले जाते. म्हणजे मडक्याची पिण्याची सवयच त्याच्या उपयोगी पडते. ‘पेज भांड्यातच निवू द्यावी’ ही सूचनाही उगीच नाही. निवताना स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना बिलगतात आणि घट्ट जाळे बनते. मग वाळताना त्याचा पापुद्रा होतो. पुढच्या प्रत्येक शिजवण्यात त्यात थोडे प्रथिन, थोडे तेल येऊन मिसळते आणि बुडाकडचा भाग करपून कार्बनचा थर बनतो. आच मंद का, तेही आता कळेल. स्टार्च भिंतीत शिरायच्या आधीच कोंडलेल्या पाण्याची वाफ झाली तर तिला जागा पुरत नाही. वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे १७०० पट असते.

ज्वारीच्या किंवा बाजरीच्या पिठाने काम होते का? होते. ज्या गावात तांदूळ सणाला शिजायचा, तिथे त्याची पेज करून गुरांना घालणे कोणाला परवडणार होते? स्टार्चचे कण थोडे मोठे, इतकाच फरक. ते फुगले-फुटले की तोही राहत नाही. खापरी तव्याचे मात्र वेगळे. त्यावर पाणी उकळायचे नसते, भाकरी चिकटू द्यायची नसते. म्हणून त्याला तेल चोळून तापवतात. करडईचे आणि जवसाचे तेल यासाठी उत्तम, कारण त्यांतील स्निग्धाम्ले हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून एकमेकांना बांधली जातात आणि पातळ, कडक पटल तयार होते. जवसाचे तेल चित्रकार आणि रंगारी वापरतात, तेही याच गुणासाठी. नगर-सोलापूरच्या घाणीवर करडई गाळली जायची, त्यामुळे त्या भागातल्या घरांत हा माल हाताशीच होता.

कोरे आणि वापरलेले

मडके आतले अन्न शोषून घेते, ही गोष्ट आपल्या समाजाने फार पूर्वी ओळखली आणि तिचा उपयोग फार वाईट कामासाठी केला. धर्मशास्त्रांत धातूचे भांडे घासून शुद्ध होते, पण मातीचे भांडे पुन्हा भाजल्याशिवाय शुद्ध होत नाही, असा नियम आहे. सातव्या शतकात आलेला चिनी प्रवासी ह्युएन त्संग यानेही लिहून ठेवले आहे, की इथले लोक मातीची आणि लाकडाची भांडी वापरून झाल्यावर टाकून देतात आणि धातूची घासून ठेवतात. कुंभाराने घडवलेले कोरे मडके कोणालाही चाले. एकदा त्यात शिजले की मात्र ते ज्याच्या घरचे, त्याचेच. मडक्याला जात लागायची ती पहिल्या पेजेबरोबर.

यातले रसायनशास्त्र खरे आहे: सच्छिद्र भिंतीत शिरलेले द्रव्य घासून निघत नाही, आणि ४५०-५०० अंशांना भाजले तर जळून जाते. आमच्या प्रयोगशाळेतही काचसामानावरचा सेंद्रिय अंश घालवायला ते याच तापमानाला भट्टीत ठेवतात. पण भिंतीत शिरते ते स्टार्च आणि चरबी. ती कोणाच्या घरची, हे चरबीच्या रेणूवर लिहिलेले नसते.

त्यावर काय लिहिलेले असते, ते मात्र आता वाचता येते. खापराचा लहानसा तुकडा दळून, त्यातला स्निग्ध अंश द्रावकात काढून, त्यातील कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजले की ती चरबी दुधाची, गुरांच्या मांसाची, डुकराची की माशांची, हे पुष्कळदा सांगता येते. २०१३ साली जपानमधील जोमोन काळच्या भांड्यांचा असा अभ्यास प्रसिद्ध झाला. १५,००० ते ११,८०० वर्षांपूर्वीच्या त्या मडक्यांत मुख्यतः मासे आणि जलचर शिजवले गेले होते. ही भांडी प्रथम नजरेस आणून दिली ती एडवर्ड मोर्स या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने, १८७७ साली तोक्योजवळच्या ओमोरी येथे. तो आला होता ब्रॅकिओपॉड या कवचधारी सागरी प्राण्यांचा अभ्यास करायला! त्याला मिळालेल्या खापरांवर दोरीचे ठसे होते, म्हणून ‘जोमोन’. आपल्याकडे कच्छमधील कोटडा भडली येथील सिंधू संस्कृतीच्या खापरांत दुधाचे अंश मिळाल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी एक सुंदर प्रयोग छापून आला. संशोधकांच्या एका गटाने बिनचकाकीची मातीची भांडी घेऊन वर्षभर त्यांत मका, गहू आणि हरणाचे मांस ठरवून शिजवले. काही भांड्यांत अखेरीस पदार्थ बदलला. मग तपासले. बुडाशी करपलेला थर शेवटचे जेवण सांगत होता. भिंतीत मुरलेली चरबी मात्र आधीच्या अनेक महिन्यांच्या स्वयंपाकाची होती. आतल्या अंगावरचा पातळ थर या दोहोंच्या मधला होता. एकच मडके, पण त्यात कालचे जेवण वेगळे लिहिलेले आणि वर्षाचे वेगळे.

यातही एक अडचण आहे. चरबी हजारो वर्षे टिकते, स्टार्च सहसा टिकत नाही. त्यामुळे ज्या पेजेने मडके बुजवले, तिचीच साक्ष सर्वांत आधी पुसली जाते. शिवाय गेल्या शतकात खापरे मिळाली की ब्रशने खसखसून धुवायची, चुन्याचा थर असला तर सौम्य आम्ल लावायचे, अशी रीत होती. नक्षी स्पष्ट दिसावी म्हणून. नक्षीविना असलेले जाड खापर तर पुष्कळदा मोजून बाजूला पडायचे. प्रवरेकाठच्या पांढरीवर पावसाळ्यानंतर अशी खापरे उघडी पडतात. मुलांना तिथे सहलीला नेले तर त्यांनी ती पाहावीत, वहीत काढावीत आणि जिथली तिथे ठेवावीत. दायमाबाद संरक्षित स्थळ आहे, हे कारण तर आहेच. पण धुतलेले, खिशात घासलेले खापर पुढच्या संशोधकाला काही सांगू शकत नाही.

मडके सांभाळायचे कसे

अॅल्युमिनियम स्वस्त झाल्यावर, म्हणजे विसाव्या शतकात, मडके चुलीवरून उतरले. आता ते हौसेने परत येते आहे आणि फुटतेही आहे. आम्हीही एक फोडले. आठवडे बाजारातून आणलेले मडके धुऊन ओलेच गॅसच्या मोठ्या ज्योतीवर ठेवले. पाच मिनिटांत बूड निखळले. चूक सर्वस्वी आमची.

बाहेरून बूड पूर्ण कोरडे असल्याशिवाय भांडे आचेवर ठेवू नये आणि रिकामे तर कधीच तापवू नये. आच हळूहळू वाढवावी. गॅसची ज्योत बुडाच्या एकाच जागी लागते, चुलीची आग भांड्याला वेढते, म्हणून गॅसवर जास्त जपावे लागते. मधे जाळी ठेवलेली बरी. उतरवलेले मडके ओल्या ओट्यावर न ठेवता चुंबळीवर ठेवावे. चुंबळ हे उष्णतारोधक आहे, हे वर्गात सांगायला हरकत नाही. गरम मडक्यात गार पाणी ओतू नये. धुताना साबण नको, कारण मडके तोही पिते आणि पुढच्या आमटीत परत देते. गरम पाणी आणि काथ्या पुरे. मग उपडे न घालता आधी हवेशीर जागी वाळवावे, नाहीतर आत बुरशी धरते. धरलीच तर पाणी उकळून टाकावे आणि दोन दिवस ऊन द्यावे. रंगवलेले किंवा चकाकीचा लेप दिलेले शोभेचे मडके शिजवायला घेऊ नये, त्या लेपात शिसे असू शकते.

संक्रांतीनंतर घरोघरी सुगडे रिकामी पडतात. त्यांतली न रंगवलेली दोन सारखी घ्या. दोन दिवस उन्हात वाळवून वजन करा. रात्रभर पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. समजा १०० ग्रॅमचे सुगड ११५ ग्रॅम झाले, तर त्याने १५ टक्के पाणी प्याले. आता एकात शिक्षकांनी स्वतः मंद आचेवर पेज शिजवावी, निववावी, धुवावी, वाळवावी. दुसरे तसेच कोरे. दोन्हींत सारखे पाणी भरून टिपकागदावर ठेवा आणि तासातासाने कागदावरची ओल मोजा, पाण्याचे तापमानही मोजा. कोणत्या सुगडातले पाणी जास्त गार राहील, हे मुलांना आधी लिहायला सांगा. एका गटाने तांदळाची, एकाने ज्वारीची, एकाने बाजरीची पेज घेतली तर तुलनाही होईल. आणि मुलांनी घरी विचारून यावे, की पूर्वी नवे मडके आणले की त्याचे काय करत. आम्हाला वेगवेगळ्या घरांतून ताक, कण्या, आंबील, भाताचे वेळण अशी उत्तरे मिळाली आहेत.

आमच्या स्नेह्यांच्या दोनाबेला गेल्या पावसाळ्यात बुडाशी केसाएवढी चीर गेली आणि खालचे फडके ओले होऊ लागले. जपानी कागदावर त्याचेही उत्तर होते: पुन्हा पेज शिजवा. घरात तांदूळ होता, पण त्यांनी नगरहून आणलेल्या ज्वारीच्या कण्या घेतल्या. पहिल्या दिवशी फडके ओलेच राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिजवल्या. तिसऱ्या दिवशी फडके कोरडे होते. चीर अजून दिसते, आणि त्या भांड्यात दर रविवारी हुलग्याचे माडगे होते.